मोडीवाचकाच्या दारातील रांग

मुंबई-पुणे लोहमार्गावर दापोडी आणि पिंपरी या दोन स्थानकांच्या मध्ये कासारवाडी लागते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. या काळात आणि त्यानंतरही सातारा, सांगली, बीड, लातूर, जळगाव अशा दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांनी कासारवाडी, फुगेवाडी, भोसरी ही गावे भरून टाकली. माणसे आली, त्यांचे कागद मात्र गावीच राहिले. आजोबांच्या जन्माची नोंद कोतवाल बुकात, जमिनीचा फेरफार तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, चुलत आजोबांचे नाव गावच्या शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीत. नातवंडांच्या प्रवेशाची वेळ आली की हे कागद शोधावे लागतात, आणि जुना कागद हाती आला तरी तो मोडीत असल्यामुळे घरात कोणालाच वाचता येत नाही. मग कोणीतरी सांगते की, पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त लिपिक राहतात, त्यांना मोडी येते, ते वंशावळही लावून देतात आणि पैसे घेत नाहीत. त्या दिवसापासून त्या गृहस्थांची सुटी संपते.

असे निवृत्त लिपिक, शिक्षक आणि हौशी इतिहासप्रेमी आज महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत आहेत. कोणी एखाद्या संस्थेच्या वर्गात मोडी शिकलेला असतो, कोणी वडिलांकडून. आपल्याच घराण्याची वंशावळ लावता लावता त्यांना या कामाची गोडी लागते आणि मग शेजाऱ्याची, गाववाल्याची, त्याच्या सोयऱ्याची वंशावळ ओघानेच येते. ते कोणाचे नोकर नाहीत, त्यांना कोणी नेमलेले नाही. तरीही त्यांच्याकडे येणारी मागणी आता एखाद्या कचेरीला पुरून उरेल इतकी वाढली आहे. ही मागणी त्यांनी कशी पेलावी, आणि समाजाने ती त्यांच्यावर किती टाकावी, हा प्रश्न वरवर लहान दिसला तरी त्याच्याशी पुष्कळांचे हित गुंतलेले आहे.

या मागणीचे कारण उघड आहे. आपल्या राज्यात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी ठरावीक दिनांकापूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गांसाठी १९६७ ही ती साले होत. साहजिकच अर्जदाराला वडिलांच्या नव्हे तर आजोबा-पणजोबांच्या कागदापर्यंत जावे लागते, आणि तो पूर्वज आपलाच हे दाखविण्यासाठी मधल्या पिढ्यांची वंशावळ जुळवावी लागते. २०२३ च्या सप्टेंबरात मराठा समाजातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. त्या ऑक्टोबरअखेर मराठवाड्यातील सुमारे पावणेदोन कोटी कागदपत्रे तपासून ११ हजार ५३० नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले, आणि पुढे हे काम साऱ्या राज्यात सुरू झाले. आरक्षणाच्या वादाची बाजू घेण्याचे येथे प्रयोजन नाही. मोडी जाणणाऱ्यांची संख्या किती तोकडी आहे, हे त्या काही महिन्यांत सर्वांच्या ध्यानात आले, एवढीच गोष्ट येथे महत्त्वाची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी गावचा कुलकर्णी डोळे मिटून लिहीत असे, ती वाचणारा माणूस आता तालुक्यात शोधावा लागतो.

काम किती, वेळ किती

ज्याने हे काम कधी केलेले नाही त्याला वाटते की, कागद समोर धरावा आणि वाचून दाखवावा, यात कष्ट ते कोणते? वस्तुस्थिती निराळी आहे. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. ‘रामा बिन संतू’ एवढाच उल्लेख असतो, आणि स्त्रीचे नाव असले तर ते ‘कोम’ म्हणून नवऱ्याच्या नावाला जोडलेले असते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येते. रामा बिन संतू, त्याचा मुलगा संतू बिन रामा, त्याचा मुलगा पुन्हा रामा बिन संतू! या दोन रामांतील कोणता आपला, हे ठरविण्यास जमिनीचा गट, भाऊबंदांची नावे आणि सालाचा मेळ घालावा लागतो. साल तरी सरळ असेल असे नाही. कोठे शक, कोठे फसली, कोठे अरबी गणना. मराठवाड्यातील निजामी अमदानीचे कागद तर पुष्कळदा उर्दूत. जातीचा उल्लेखही काही ठिकाणी एकाच अक्षराने केलेला, आणि ते अक्षर शाई फुटल्याने पुसट झालेले. अशा कागदावर घाईने दिलेले मत म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याच्या वर्षाशी केलेला खेळ होय.

साधा हिशेब करून पाहावा. आठवड्यातून चार तास देणारा स्वयंसेवक वर्षाला दोनशे आठ तास देतो. एका घराण्याची चार पिढ्यांची वंशावळ कागदांनिशी तपासून लावण्यास सहा तास लागतात असे धरले, तर वर्षभरात चौतीस-पस्तीस कुटुंबांचे काम होईल. ज्याच्याकडे महिन्याला तीस जण येतात त्याने काय करावे? त्याच्यापुढे तीनच मार्ग उरतात. एक, झोप आणि संसार बाजूला ठेवून सर्वांचे करणे. हे वर्षभरही चालत नाही. दुसरा, सर्वांचे थोडे थोडे, वरवर करणे. यात चुका होतात, आणि त्या चुका पडताळणी समितीपुढे अर्जदाराच्या गळ्यात पडतात. तिसरा, एके दिवशी दार लावून घेणे. आज पुष्कळ ठिकाणी हा तिसराच मार्ग पत्करला जातो. असे एक दार लागले की त्या परिसरातील शेकडो लोकांना परका माणूस गाठावा लागतो, आणि तो बहुधा दलाल असतो. म्हणजे विनामूल्य सेवेचा अतिरेकी वापर अखेरीस दलालाच्या पथ्यावर पडतो. हे ज्याला कळेल त्याला स्वयंसेवकाची मर्यादा जपणे हे अर्जदारांच्याच हिताचे आहे, हेही कळेल.

जुन्या रीतीतील शहाणपण

वंशावळ सांगणे हे आपल्याकडे नवे काम नाही. सांगली-कोल्हापूर आणि सीमेपलीकडच्या कानडी मुलुखात हेळवी येत असत. ठरलेल्या घराण्यांच्या पिढ्या मुखोद्गत ठेवणे आणि वह्यांत उतरविणे हा त्यांचा वृत्तिधर्म. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी आणि गया या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तर कित्येक घराण्यांच्या शतकाशतकांच्या नोंदी आहेत. या दोन्ही रीतींत एक गोष्ट समान होती. सांगणारा फुकट सांगत नसे आणि विचारणारा रिकाम्या हाताने येत नसे. हेळव्याला धान्य मिळे, उपाध्यायाला दक्षिणा मिळे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, क्षेत्री गेलेला यात्रेकरू आपल्या पूर्वजांची नावे वाचून घेई आणि त्याच वहीत आपल्या मुलाबाळांची, भावांची नावे लिहून स्वतःची सही करी. म्हणजे तो जे घेई त्यात भर घालून परत देई. तीर्थोपाध्यायांच्या वह्या शतके टिकल्या त्या या देवघेवीमुळे. उपाध्यायाच्या एकट्याच्या औदार्यामुळे नव्हे.

आजच्या स्वयंसेवकाच्या वाट्याला या देवघेवीतील घेणारा तेवढा आला आहे. त्याच्याकडे येणारा मनुष्य बहुधा एक नाव आणि एक गाव घेऊन येतो, “आमचे सगळे शोधून द्या” म्हणतो, आणि काम झाल्यावर त्या वंशावळीची एक प्रत ठेवून जावी एवढेही त्याला सुचत नाही. दोन वर्षांनी त्याच घराण्यातील चुलतभाऊ येतो आणि तेच काम पुन्हा आरंभापासून करावे लागते. येथे अडचण कृतघ्नतेची नाही. रीत मोडली आणि नवी घातली गेली नाही, ही खरी अडचण आहे. रीत नसली की सज्जन माणूसही नकळत दुसऱ्याचा वेळ खातो.

या संबंधात आणखी एक परंपरा ध्यानात घ्यावयास हवी. मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रथम उजेडात आणली ती बव्हंशी पदरमोड करणाऱ्या माणसांनी. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकी सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातील कागद वाचले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. या थोरांच्या उदाहरणांनी आपली एक समजूत करून दिली आहे की, कागद वाचणारा मनुष्य विरक्तच असला पाहिजे. परंतु त्या मंडळींनी आपले काम आपण निवडले होते. दारात येणाऱ्या प्रत्येकाच्या निकडीवर त्यांचा दिवस चालत नव्हता. आणि जेव्हा कामाचा व्याप एका माणसाच्या आवाक्याबाहेर गेला तेव्हा त्याची व्यवस्थाही निराळी झाली. पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली निघाले, ते मुंबई सरकारच्या आश्रयाने आणि मदतनिसांच्या साह्याने. व्यक्तीची निष्ठा लागलीच. पण निष्ठेच्या पाठीशी यंत्रणाही उभी करावी लागली.

नकार हाही सेवेचा भाग

तेव्हा पहिली सूचना स्वयंसेवकांनाच केली पाहिजे. आपण किती करणार, काय करणार आणि काय करणार नाही, हे त्यांनी आधी ठरवून एका कागदावर लिहावे आणि येणाऱ्याच्या हाती द्यावे. अमेरिकेत १९९९ साली वंशशोधकांची एक स्वयंसेवी योजना सुरू झाली. तीत प्रत्येक सभासद आपल्या परिसरातील एक शोध महिन्यातून एकदा विनामूल्य करून देण्याचे मान्य करी, आणि नकला व टपाल यांचा खर्च मात्र विचारणाऱ्याने सोसावयाचा असे. महिन्याला एक, ही मर्यादा ऐकण्यास क्षुल्लक वाटेल, पण तीमुळेच हजारो माणसे त्यात सामील होऊ शकली. त्याच योजनेचा शेवटही बोधप्रद आहे. तिचा कारभार मुख्यतः एका व्यक्तीवर चालला होता. त्या व्यक्तीच्या आजारपणात २०११ साली ती बंद पडली. मर्यादा सभासदांना होती, चालविणाऱ्याला नव्हती.

मर्यादेबरोबर क्रमही हवा. जो आधी आला त्याचे आधी, आणि ज्याची पडताळणीची मुदत जवळ आली आहे त्याला अग्रक्रम, हा नियम कोणालाही पटण्यासारखा आहे. ओळखीच्या माणसाची चिठ्ठी, नगरसेवकाचा दूरध्वनी यांनी हा क्रम मोडू लागला की रांगेतील गरीब मागे पडतो. नकार देताना तो रिकामा देऊ नये. कोणत्या कचेरीत, कोणत्या नोंदवहीची, कोणत्या सालापासूनची नक्कल मागावी एवढे सांगितले, तरी निम्मे काम होते. आणि नोंद सापडली नाही तर “सापडली नाही” असे स्पष्ट सांगणे, हेही उत्तरच आहे. ज्याच्यावर मागण्यांचा दाब असतो त्याला समोरच्याचे समाधान करण्याचा मोह होतो. पुसट अक्षर अर्जदाराला हवे तसे दिसू लागते. हा मोह टाळला पाहिजे. जातीच्या दाखल्यासंबंधीच्या २००० च्या कायद्याने आपला दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे आणि खोटा दाखला मिळविणे हा अपराध ठरविला आहे. वाचकाने कागदात आहे ते वाचावे. कागदाने काय म्हणावयास हवे होते, ते सांगण्याचे काम त्याचे नव्हे.

दुसरी सूचना विचारणाऱ्यांना. मोडीवाचकाकडे जाण्यापूर्वी घरची शोधाशोध पुरी करावी. ट्रंकेतील खरेदीखते, जुने शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका, देवघरातील पोथीच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतिथी, भिंतीवरच्या तसबिरीखालचे साल हे सर्व टिपून घ्यावे. घरातील वृद्ध आत्या किंवा चुलती यांना नावे विचारून घ्यावीत; कागदापेक्षा हा ठेवा लवकर नाहीसा होतो. मग प्रश्न एकच आणि नेमका विचारावा. “आमचे मूळ शोधून द्या” हा प्रश्न नव्हे. “या फेरफारातील संतू हा माझ्या पणजोबांचा बाप आहे काय” हा प्रश्न होय. काम झाल्यावर वंशावळीची स्वच्छ प्रत तेथे ठेवून जावी आणि तिच्यात आपल्या पिढीची नावे स्वतः भरावीत. यात्रेकरूने वहीत सही करावी त्यातलाच हा प्रकार आहे. आणि ज्याला जमेल त्याने एक गोष्ट अधिक करावी. घरातील एका मुलाला किंवा मुलीला मोडी शिकण्यास पाठवावे. पुराभिलेख संचालनालय आणि काही इतिहास संस्था तिचे वर्ग चालवितात. चिकाटीने सराव केला तर काही महिन्यांत ती हाती लागते. ज्या घराला स्वतःचे कागद स्वतः वाचता येतात, त्याला कोणाच्याही दारात उभे राहावे लागत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. पूर्वजांची माहिती हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ज्याला वाचता येते त्याने अडलेल्याला मर्यादा घालणे हे ज्ञान दडविण्यासारखेच नव्हे काय? कासारवाडीच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराने एका नकलेसाठी तीन दिवसांची मजुरी बुडवून बीडला जावे काय? हा आक्षेप खरा आहे, पण त्याचा पत्ता चुकलेला आहे. हक्क शासनाकडे मागावयाचा असतो. शेजाऱ्याकडे मागावयाची ती मदत. ज्या पुराव्याची सक्ती शासनाने केली तो पुरावा सापडण्याजोगा आणि वाचता येण्याजोगा ठेवणे हे शासनाचेच कर्तव्य ठरते. सेवेत असलेल्या कारकुनाला मुदत असते, पगार असतो, वर अपिलाची सोय असते. निवृत्त गृहस्थाला यांपैकी काही नाही. तेव्हा कचेरीकडून जे हक्काने मिळावयास हवे ते त्याच्या भलेपणाकडून वसूल करणे हा न्याय नव्हे.

तिसरी सूचना म्हणून शासनाला. २०२३ च्या शोधमोहिमेत जे कागद तपासले गेले त्यांची गाववार आणि सालवार सूची सर्वांना पाहता येईल अशी ठेवली पाहिजे. केवळ एका समाजाच्या नोंदी वेगळ्या काढून थांबणे म्हणजे तेच दप्तर दुसऱ्या समाजासाठी पुन्हा सोडावे लागणे होय. प्रत्येक तालुक्याच्या अभिलेख कक्षात मोडी जाणणारा एक तरी पगारी वाचक असावा, आणि निजामी अमदानीच्या जिल्ह्यांत त्याच्या जोडीला उर्दू वाचकही असावा. महाविद्यालयांतील इतिहासाच्या व मराठीच्या विद्यार्थ्यांना या कामावर सुटीत मानधनाने घेता येईल. त्यांना विद्येचा उपयोग कळेल आणि राज्याला वाचकांची नवी पिढी मिळेल. स्वयंसेवकांच्या अनुभवाचाही अशा वेळी उपयोग करून घ्यावा, पण तो शिकविण्यासाठी. अनुभवी वाचकाने पंचवीस घराण्यांच्या वंशावळी लावण्यापेक्षा पाच तरुणांना वाचन शिकविले तर ती त्याच्या वेळाची अधिक चांगली गुंतवणूक ठरेल.

औद्योगिक पट्ट्यातील माणसाची मुळे तुटली, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे असते तर आज हजारो कुटुंबे पणजोबाच्या नावासाठी नोंदवह्या चाळीत बसली नसती. आरंभी ही गरज दाखल्याची असेल. परंतु दाखला शोधताना पुष्कळांना आपल्या घराण्याची ओळख प्रथमच होते, आणि हा लाभ लहान नव्हे. ज्यांनी ही ओळख करून दिली त्या मूठभर माणसांकडे येताना समाजाने हातात काहीतरी घेऊन यावे. धान्य नको, दक्षिणाही नको. नेमका प्रश्न, घरचे टिपण, परत दिलेली एक प्रत आणि “आता पुरे” हा त्यांचा शब्द ऐकून घेण्याची तयारी, एवढे पुरेसे आहे.